लस कालची, व्हेरियंट आजचा

आत्ता तुम्ही एफवाय, एसवाय किंवा टीवायला असाल, तर फोनमधलं कोविनचं सर्टिफिकेट एकदा उघडून बघा. बहुतेकांच्या सर्टिफिकेटवर कोव्हॅक्सिन लिहिलेलं असेल आणि तारीख २०२२ची असेल. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण देशभर सुरू झालं ३ जानेवारी २०२२ला, आणि त्या वयासाठी तेव्हा कोव्हॅक्सिन सोडून दुसरा पर्यायच नव्हता.

आता ही गोष्ट जरा नीट बघा. कोव्हॅक्सिनमध्ये जो विषाणू वापरला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, २०२० साली रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा केलेला. तो मारून हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली. आणि तुम्ही दंड पुढे केलात तेव्हा महाराष्ट्रात फिरत होता ओमायक्रॉन. त्याला जागतिक आरोग्य संघटनेने नाव दिलं होतं २६ नोव्हेंबर २०२१ला. म्हणजे रोग २०२२चा आणि लसीतलं वाण २०२०चं.

मग ती लस फुकट गेली का? २०२५च्या मे-जूनमध्ये एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ ही नावं बातम्यांत झळकली तेव्हा हाच प्रश्न व्हॉट्सअॅपवर परत फिरला. अर्धे लोक म्हणत होते, जुनी लस आता काही कामाची नाही. उरलेले म्हणत होते, एकदा घेतली ना, मग कशाला टेन्शन. आपल्याकडे हा विषय नुसता चघळायचा नाही. नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण मार्च २०२०च्या शेवटी आपल्याच निफाड तालुक्यात, लासलगावजवळ सापडला होता. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोच्या सीझनमध्ये परराज्यातले व्यापारी आणि ट्रकवाले येतात, समोरून मुंबई-आग्रा हायवे जातो. नवा व्हेरियंट मुंबईत आला की आपल्याकडे यायला त्याला फार दिवस लागणार नाहीत. त्यामुळे ‘चालते का’ याचं उत्तर शास्त्रज्ञ काढतात कसं, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे हजारो लोकांना लस द्यायची, तेवढ्यांना द्यायची नाही आणि कोण आजारी पडतं ते मोजायचं. पण याला महिने लागतात. तेवढ्यात व्हेरियंट येऊन जातो. म्हणून शास्त्रज्ञ रक्ताकडे वळतात. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, घेतात. तो वीस पट पातळ करतात, मग चाळीस पट, मग ऐंशी, एकशे साठ, असं दुप्पट दुप्पट करत जातात आणि प्रत्येक नळीत जिवंत विषाणू सोडतात. ताकात पाणी घालत जायचं आणि कितव्या पेल्यापर्यंत ताकाची चव लागते ते बघायचं, तसा प्रकार. विषाणूला निम्म्याने तरी अडवणारी शेवटची नळी जितकी पातळ, तितक्या तुमच्या अँटीबॉडीज दमदार. हीच परीक्षा जुन्या विषाणूवर आणि नव्या व्हेरियंटवर घेतली की फरक पटीत मिळतो: चार पट घट, दहा पट घट वगैरे. बातमीत ‘अँटीबॉडीज १० पटींनी कमी’ असं वाचता ना, ते इथून येतं.

पण दहा पट घट म्हणजे संरक्षण दहा पट कमी, असं अजिबात नाही. गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते.

२०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या किर्बी इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड खुरी, डेबोरा क्रोमर, माइल्स डेव्हनपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण भारी गोष्ट केली. वेगवेगळ्या सात लसींच्या चाचण्यांमध्ये अँटीबॉडीज किती आणि प्रत्यक्ष संरक्षण किती, हे दोन्ही आकडे त्यांनी एका आलेखावर मांडले. प्रत्येक लॅबची मोजपट्टी वेगळी असते, म्हणून कोरोनातून बऱ्या झालेल्या रुग्णांची सरासरी पातळी हे त्यांनी सामाईक माप धरलं. आलेख आला इंग्रजी एसच्या आकाराचा: खाली सपाट, मध्ये खडी चढण, वर पुन्हा सपाट. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या साधारण २० टक्के इतक्या अँटीबॉडीज असल्या तरी लक्षणं असलेल्या आजारापासून निम्मं संरक्षण मिळतं, असं दिसलं. आणि गंभीर आजारासाठी तोच आकडा फक्त ३ टक्के. दवाखान्यात जाण्यापासून वाचायला अँटीबॉडीज सहा-सात पट कमी असल्या तरी भागतं.

पेपर तयार होत असतानाच कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातले सुरुवातीचे निष्कर्ष आले. या मंडळींनी कोव्हॅक्सिनचे अँटीबॉडीचे आकडे आपल्या आलेखात घातले, तर अंदाज आला ७९ टक्क्यांच्या आसपास. कंपनीने जाहीर केलेला आकडा होता ८०.६ टक्के. पुढे अंतिम आकडा ७७.८ टक्के छापून आला. सिडनीत बसून बांधलेला अंदाज आपल्या लसीला इतका जवळून लागू पडला.

आता त्या एसच्या आकाराची करामत. तुम्ही वरच्या सपाट भागावर असाल, तर नव्या व्हेरियंटने तीन-चार पट घट केली तरी थोडंसंच खाली सरकता. चढणीच्या मध्यावर असाल, तर तीच घट तुम्हाला धाडकन खाली आणते. व्हेरियंट तोच, घट तीच, परिणाम वेगळा. डाऊनीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन दिवस ढगाळ गेले, सकाळी दव पडलं, तर वेळेत फवारणी झालेला प्लॉट निभावतो आणि ज्याची फवारणी लांबलेली असते तो प्लॉट बसतो. हवा दोघांना सारखीच होती.

हे नुसतं आलेखावरचं नाही. ब्रिटनमध्ये २०२१च्या उन्हाळ्यात हे मोजलं गेलं, आणि तेही अॅस्ट्राझेनेकाच्या लसीवर, जी आपल्याकडे पुण्याच्या सीरमने कोव्हिशिल्ड या नावाने बनवली. दोन डोस घेतलेल्यांमध्ये अल्फा व्हेरियंटपासून संरक्षण ७४.५ टक्के, डेल्टापासून ६७ टक्के. फार फरक नाही. पण एकच डोस घेतलेल्यांमध्ये ते साधारण ४९ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. एक डोस म्हणजे चढणीच्या मध्यावर उभा माणूस.

आता याच्याशेजारी दोन तारखा ठेवा. १३ मे २०२१ला केंद्र सरकारने कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर ६ ते ८ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवडे केलं. आधार काय दिला? प्रत्यक्षातला पुरावा, विशेषतः ब्रिटनमधला. दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, ब्रिटनने पन्नाशीच्या वरच्यांसाठी आपलं अंतर १२ आठवड्यांवरून ८ आठवड्यांवर आणलं. कारण, भारतात सापडलेला नवा व्हेरियंट त्यांच्याकडे पसरू लागला होता.

म्हणजे आपण अंदाज बांधला तो अल्फाच्या काळातल्या आकड्यांवर, आणि गावात होता डेल्टा. तो डेल्टा ज्या बी.१.६१७ कुळातला, त्या कुळाची चाहूलही आधी महाराष्ट्रातच लागली होती. २४ मार्च २०२१ला आरोग्य मंत्रालयाने ‘डबल म्युटंट’ची बातमी दिली ती आपल्या राज्यातल्या नमुन्यांवरून. एनआयव्हीने तर एप्रिलमध्येच कोव्हॅक्सिन घेतलेल्यांच्या रक्तावर बी.१.६१७ची परीक्षा घेतली होती, आणि लस त्याला अडवते पण कमी जोराने, हे तिथे दिसलं होतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकमध्ये काय परिस्थिती होती, ते वेगळं सांगायला नको. २१ एप्रिलला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या एका दिवशी किमान २२ रुग्ण गेले. ती दुर्घटना होती, पण त्या वॉर्डात ऑक्सिजनवर इतकी माणसं होती ती दुसऱ्या लाटेमुळे.

सरकारची बाजूही सांगायला हवी. लसच नव्हती. महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण त्याच आठवड्यात साठ्याअभावी थांबवावं लागलं होतं. अंतर वाढवलं तर जास्त लोकांना पहिला डोस मिळतो, आणि उशिरा घेतलेला दुसरा डोस जास्त अँटीबॉडीज देतो, हेही खरं. डेल्टावरचे ब्रिटनचे आकडे १३ मेपर्यंत बाहेर आलेलेही नव्हते. तरीसुद्धा ‘साठा कमी आहे म्हणून अंतर वाढवतोय’ असं स्पष्ट सांगणं आणि ‘शास्त्रीय पुरावा आहे’ म्हणणं, यात फरक आहे. ज्या व्हेरियंटवर मोजलेला पुरावा, तो आपल्या गल्लीत आहे का, हा प्रश्न तेव्हा मोठ्याने विचारायला हवा होता. एक डोस घेतलेल्या साठीच्या माणसाला ‘तुमचं निम्मं संरक्षण झालं’ आणि ‘३० टक्के झालं’ या दोन वाक्यांनी वेगळं वागायला लावलं असतं.

मग व्हेरियंट बदलला की लसच का बदलत नाहीत? बदलतात. आणि याची भारतातली गोष्ट पुण्यातलीच आहे. हिंजवडीच्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने ओमायक्रॉनच्या स्पाइक प्रोटीनवर बेतलेली एमआरएनए लस बनवली, नाव जेमकोव्हॅक-ओएम. परदेशी एमआरएनए लसींपैकी फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. ही साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकते. म्हणजे गावच्या आरोग्य केंद्रातही राहू शकते. वर सुई नाही, त्वचेत दाबाने सोडणारं उपकरण. परवानगी मिळाली तीही अंदाजावरच: कोव्हिशिल्डच्या तुलनेत अँटीबॉडीज किती वाढतात हे बघून. इतकी माणसं आजारी पडली आणि इतकी नाही, असं मोजून नाही. त्यात काही चूक नाही, जगभर आता असंच चालतं.

अडचण तारखेची. ओमायक्रॉनला नाव मिळालं नोव्हेंबर २०२१मध्ये, आणि लस बाजारात आणल्याची घोषणा झाली २४ जून २०२३ला. एकोणीस महिने! तोपर्यंत मूळ ओमायक्रॉन गायब, त्याचे बीए.२, बीए.२.७५ असे वंशज येऊन गेले होते आणि एक्सबीबी.१.१६ची मार्च-एप्रिलमधली लाटही ओसरली होती. ५ मे २०२३ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं होतं. मग लस घ्यायला येणार कोण? सरकारच्या मोफत मोहिमेत जे प्रिकॉशन डोस दिले गेले, अगदी जुलै २०२२पासून ७५ दिवस १८ वर्षांवरच्या सगळ्यांना दिले ते सुद्धा, सगळे मूळच्या २०२०च्या विषाणूवर बेतलेले.

अमेरिकेने उलटा जुगार खेळला. बीए.४-बीए.५वर बेतलेल्या दुहेरी लसींना ३१ ऑगस्ट २०२२ला मंजुरी दिली, तेव्हा त्या नेमक्या लसीचा माणसांवरचा डेटा नव्हताच. उंदरांवरच्या चाचण्या होत्या आणि आधीच्या बीए.१ लसीचा मानवी डेटा होता. त्यावर तिकडे भरपूर टीका झाली, विनोदही झाले. पण फ्लूची लस दर वर्षी अशीच ठरते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये बसून पुढच्या सीझनचं वाण निवडते, कारखाने कामाला लागतात. दर वर्षी हजारो लोकांवर नवी चाचणी कुणी मागत नाही.

मग हा जुगार लागला का? इथे किर्बीवाल्यांचं दुसरं काम उपयोगी पडतं. २०२३मध्ये त्यांनी जुन्या आणि सुधारित बूस्टरची तुलना करणारे अभ्यास एकत्र केले. सुधारित बूस्टरने अँटीबॉडीज जुन्यापेक्षा सरासरी दीड पटीहून थोड्या जास्त वाढतात, असं निघालं. आणि जुनाच बूस्टर घेतला तर? घेण्याआधीच्या पातळीच्या साधारण दहा-अकरा पट. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ज्या आजोबांचा शेवटचा डोस दोन-तीन वर्षांपूर्वीचा आहे, त्यांच्यासाठी ‘कुठला डोस’ यापेक्षा ‘डोस घेतला की नाही’ हा प्रश्न कितीतरी मोठा. लस बदलल्याचा फायदा खरा आहे, पण तो वरचा मुलामा आहे.

इतका थोडाच फायदा का, तर शरीराला पहिली ओळख विसरवत नाही. पहिल्यांदा २०२०चा विषाणू दाखवला असेल तर नवा बूस्टर बघूनही शरीर आधी जुन्याच अँटीबॉडीज काढतं. म्हणून २०२३पासून जुनं वाण लसीतून पूर्ण काढून टाकलं: त्या वर्षी एक्सबीबी.१.५, २०२४मध्ये जेएन.१.

एक्सबीबीच्या लसीची तर लगेच परीक्षाच झाली. ती दिली जात असतानाच जेएन.१ आला. स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल, आणि डिसेंबर २०२३मध्ये केरळसोबत आपल्या सिंधुदुर्गातही सापडला. अमेरिकेच्या सीडीसीने मोजलं, तर लक्षणं असलेल्या आजारापासून या लसीचं संरक्षण ५४ टक्के निघालं, आणि जेएन.१ असण्याची शक्यता असलेल्या रुग्णांपुरतं बघितलं तरी ४९ टक्के. नाव बदललं म्हणून लस शून्यावर आली नाही. पुढच्या, २०२४-२५च्या लसीचे आकडे अजून खाली दिसतात: इमर्जन्सीत जाण्यापासून ३३ टक्के, ६५च्या वरच्यांना अॅडमिट होण्यापासून ४५-४६ टक्के. ३३ वाचून ‘फेल झाली’ म्हणायचा मोह होतो. पण थांबा, ही तुलना कुणाशी आहे? कोरोनाची ओळखच नसलेला माणूस आता जगात मिळणं कठीण. आपल्याकडे आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्व्हेत, जून-जुलै २०२१मध्येच, ६७.६ टक्के लोकांत अँटीबॉडीज सापडल्या होत्या. जुने डोस आणि झालेला संसर्ग यांच्यामुळे जे संरक्षण आधीच आहे, त्याच्या वर नव्या डोसने किती भर घातली, तो हा आकडा.

अँटीबॉडीजच्या आलेखात न बसणारीही एक गोष्ट आहे, टी-पेशी. विषाणू पेशीत शिरल्यानंतर त्या पेशींचा बंदोबस्त या करतात, आणि स्पाइकमधल्या बदलांनी त्या तितक्या फसत नाहीत. सर्दी-ताप होतो पण श्वास लागत नाही, यामागे त्यांचा मोठा हात आहे. लम्पीच्या वेळी आठवतंय का? २०२२मध्ये राज्यभर गायी-बैलांना लस दिली ती शेळ्यांच्या देवीची. विषाणू वेगळा, पण जवळचा नातेवाईक. नात्यातल्या विषाणूची लसही काही अंशी कामी येते, हे आपल्या गोठ्यांनी बघितलेलं आहे. तुमच्या २०२२च्या कोव्हॅक्सिनचंही तसंच. तिने ओमायक्रॉनची सर्दी अडवली नसेल, पण शरीराला एक ओळख करून दिली.

आता तर व्हेरियंट यायच्या आधीच त्याचा अंदाज बांधायचा प्रयत्न चालू आहे. हार्वर्डमधल्या डेबोरा मार्क्स यांच्या गटाने २०२३मध्ये इव्हएस्केप नावाचं मॉडेल मांडलं. फक्त २०२०च्या आधीची माहिती दिली, तरी पुढे आलेले बरेच बदल त्याने ओळखून दाखवले. एआयमध्ये इंटरेस्ट असणाऱ्यांनी ते वाचावंच. पण मॉडेलला खायला डेटा लागतो, आणि माझ्या मते आपला खरा प्रॉब्लेम तिथे आहे. सुधारित लस भारतात मोठ्या प्रमाणावर दिलीच गेली नाही, त्यामुळे तिचा इथे काय परिणाम झाला हे मोजायला माणसंच नाहीत. वर दिलेले बहुतेक आकडे ब्रिटन-अमेरिकेचे आहेत, ते याचमुळे. त्यांच्याकडे दवाखान्यातली नोंद आणि लसीची नोंद एकमेकांना जोडता येते. आपल्याकडे कोविन होतं, अजूनही तुमच्या फोनमध्ये सर्टिफिकेट आहे, पण अॅडमिट झालेल्या माणसाच्या केसपेपरला ते जोडून व्हेरियंटनिहाय आकडे दर महिन्याला जाहीर करायचं काम कुणी अंगावर घेतलं नाही. मे २०२१मध्ये ब्रिटनचे आकडे उसने आणले होते. पुढची लाट आली तर पुन्हा तिकडूनच आणावे लागतील.

तोवर घरी कुणी साठीच्या वर असेल, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल, तर त्यांचा शेवटचा डोस कधीचा आहे हे कोविनवर बघा आणि पुढचा घ्यायचा का, कुठला मिळेल, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. नवं नाव बातमीत आलं की ‘किती पट घट’ आणि ‘कुणाच्या रक्तावर मोजली’ एवढं शोधा. मूळ डोसच्या रक्तावरचा आकडा असेल तर तो बूस्टर घेतलेल्या आजीला लागू नाही. आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी: खुरी यांचा २०२१चा पेपर नेचर मेडिसिनमध्ये आहे. तो एस आकाराचा आलेख म्हणजे तुमचा लॉजिस्टिक कर्व्हच. एक्सेलमध्ये काढा, २० टक्क्यांवर बोट ठेवा, चारने भागा, आठने भागा, आणि संरक्षण कुठे येतं ते बघा.